उरलेल्या अकराशे सहा फाइली

माझ्या धंद्यात घाबरण्यासारखं काही नाही. लोकांच्या घरी जायचं, गाणी साठवलेला कॉम्प्युटर कुठे रखडतोय ते बघायचं, तो चालता करायचा आणि निघायचं. माझा भाऊ मला ‘वायरींची सुईण’ म्हणतो. अडलेलं मोकळं करते म्हणून. तेव्हा घाबरणं माझ्या कामात बसत नाही. चिडणं मात्र रोजचं. त्या दिवसाची सुरुवातही चिडण्यापासूनच झाली.

फोन एका बाईंचा होता. आवाज साठी ओलांडलेला, शांत. नवऱ्याची गाण्यांची लायब्ररी फार हळू चालते म्हणाल्या. एका जागी क्लिक केलं की अर्धा मिनिट सगळं गोठतं. सॉफ्टवेअरवाल्यांना चार वेळा फोन करून झाले होते. मागच्या मागे फाइलींची तपासणी चालू आहे, ती संपली की वेग येईल, थांबा, एवढंच ते सांगत. थांबून पाच महिने झाले होते. मी म्हटलं, दोन तासांचं काम आहे. असं मी नेहमी म्हणते आणि नेहमी तोंडघशी पडते.

घर म्हणजे एका बंद पडलेल्या कापडदुकानाचा वरचा मजला. मी सकाळी दहाला पोचले. बाईंनी दार उघडलं आणि दोन मिनिटांत मी त्यांना काकू म्हणायला लागले. तशाच होत्या त्या. आतल्या खोलीकडे नेता नेता त्या म्हणाल्या, “ते जरा तुसडेपणानं बोलतील. मनावर घेऊ नकोस. आणि लिहून विचार, त्यांना ऐकू येत नाही.”

मी थबकले. गाण्यांची लायब्ररी आणि ऐकू येत नाही?

खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. आंबूस, व्हिनेगरसारखा. जुन्या टेपा कुजायला लागल्या की असा वास सुटतो. भिंतींना छतापर्यंत जाड गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर दुहेरी पडदा. अशा खोलीत आवाज जिथल्या तिथे मरतो. मी खाकरले तर ते खाकरणं माझ्याच घशात राहिल्यासारखं वाटलं. दिवसाउजेडी टेबलावर दिवा लागलेला होता आणि त्याच्या उजेडात एक उंच, वाळका माणूस पडद्यावर डोळे लावून बसला होता.

काका तीस वर्षं रेकॉर्डिस्ट होते. गाणारे, वाजवणारे, भाषणं करणारे, शाळांची समूहगानं, कारखान्यांचे भोंगे, जे सांगाल ते त्यांनी टिपलं. सहा वर्षांपूर्वी कान गेले. दोन्ही, पुरते. तेव्हापासून ते संगीत बघत होते. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल तपासून तिच्या आवाजाचं चित्र काढतं, डोंगर आणि दऱ्या असतात तसं. काका त्याला नक्षी म्हणायचे. मला विश्वास बसला नाही हे त्यांनी तोंडावरून ओळखलं असावं. एका गाण्याच्या नक्षीवर बोट ठेवून म्हणाले, “इथे ती श्वास घेते आणि मागे तबल्यावर शाई जरा कोरडी पडलीय.” आवाज सपाट, गरजेपेक्षा मोठा. मी हेडफोन लावून ती जागा ऐकली. गाणारी बाई तिथेच श्वास घेत होती, आणि तबला खरोखर कोरडा बोलत होता.

मग मात्र ते काम मला मनापासून करावंसं वाटलं. हा सगळा खेळ त्या मागच्या तपासणीवर होता. फाइल तपासून झाली नाही तर नक्षी नाही, आणि नक्षी नाही तर त्यांच्यासाठी ते गाणंच नाही. मागच्या वेळी सॉफ्टवेअर नवं टाकल्यावर जुन्या सगळ्या नक्षी पुसल्या गेल्या होत्या आणि एकतीस हजार फाइलींची तपासणी पहिल्यापासून सुरू झाली होती. पाच महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: उरलेल्या फाइली, नऊ हजार तीनशे बारा. तो आकडा गोगलगायीलाही लाजवील अशा चालीनं खाली येत होता.

पहिल्या तासात मी चार चोर पकडले. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना आडवा पडत होता. त्याला लायब्ररीच्या फोल्डरपासून दूर ठेवलं. बॅकअपचा प्रोग्राम तेच फोल्डर सतत चाळत होता. त्याला रविवारचं काम दिलं. गाणी ज्यात साठवली होती तो डिस्कांचा डबा शेजारच्या कपाटात असून वायफायवरून जोडलेला होता. तिथे केबल टाकली. आणि सॉफ्टवेअरच्या आत कुठेतरी खोल एक सेटिंग होतं, तपासणीचा वेग किती, आणि ते ‘सावकाश’ वर होतं. चार वेळा फोन झाले, पण त्या लोकांपैकी एकाला हे सांगावंसं वाटलं नाही. मी ते ‘जलद’ केलं, कॉम्प्युटरचा पंखा घोंघावला आणि आकडा गडगडत खाली यायला लागला. काकांनी खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. काकू चहा घेऊन आल्या. मला वाटलं, एकदा तरी दोन तासांचं काम दोन तासांत होतंय.

साडेबाराला आकडा अकराशे सहावर आला आणि थांबला.

नुसता थांबला असता तरी चाललं असतं. तो अकराशेवर जाई, मग एक हजार अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, आणि पुन्हा अकराशे सहा. सापशिडीचा खेळ. मी सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. अकराशे सहा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अकराशे सहा. डिस्क तपासली, ती घोड्यासारखी ठणठणीत. सॉफ्टवेअर आपल्या नोंदी ठेवतं तो सगळा साठा आवळून नीट केला. त्यात पाऊण तास गेला, आणि पाऊण तासानं अकराशे सहा. दोन वाजून गेले. काकूंनी वाढलेलं जेवण मी पडद्याकडे बघतच जेवले, काय खाल्लं ते आठवत नाही. काका बाजूला बसून माझ्याकडे बघत होते. मदत नाही, तक्रार नाही, नुसतं बघणं. त्यानं डोकं आणखी फिरत होतं.

शेवटी मी लॉग उघडला. सॉफ्टवेअर काय काय करतं याची ओळीवार नोंद. तिथे एकच वाक्य हजारदा: फाइल बदललेली आढळली, पुन्हा तपासणी. म्हणजे तपासणी होत होती, पण झाल्याझाल्या फाइल बदलत होती, की पुन्हा रांगेत. सगळ्या अकराशे सहा फाइली एकाच फोल्डरमधल्या होत्या. फोल्डरचं नाव होतं ‘खोल्या’.

मी वहीत लिहिलं, हे काय आहे? काकांनी ते वाचलं. मग म्हणाले की ती शांतता आहे. कुठेही रेकॉर्डिंगला गेलं की आधी एक मिनिट रिकाम्या जागेची शांतता टिपायची असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. नंतर जोडकाम करताना, मधल्या फटीत ती भरावी लागते, नाहीतर कानाला भोक पडल्यासारखं होतं. पण अगदी रिकामी खोली मेल्यासारखी लागते, म्हणून ते आत एक माणूस बसवायचे. त्यानं नुसतं बसायचं, हलायचं नाही. बाहेरून काका “झालं” म्हणाले की टेक संपला, तेव्हाच उठायचं.

तो माणूस म्हणजे त्यांचा मेहुणा, काकूंचा पाठचा भाऊ. माइक उचलायचा, वायरी टाकायचा, आणि शांततेच्या वेळी बसायचा. एकदा बसला की मुंगी चावली तरी हलायचा नाही, म्हणून सगळे त्याला खांब म्हणत. अकराशे सहा खोल्यांत तो असा बसला होता.

“चौदा वर्षं झाली त्याला जाऊन,” काका म्हणाले. “कामावरच गेला.” आणि पडद्याकडे वळले.

मला वाईट वाटलं, पण मनातल्या मनात मी कारण सापडल्याचा आनंदही करत होते. एवढी शांतता तपासताना सॉफ्टवेअर गोंधळत असणार. आवाजाची पातळी मोजायला जातं आणि मोजायला काही मिळत नाही. उपाय सोपा. हे एक फोल्डर तपासणीतून वगळायचं. मी तसं लिहिलं आणि माउसकडे हात नेला.

काकांनी माझं मनगट धरलं. “तो वगळायचा नाही.”

मी लिहिलं, बाकी तीस हजार फाइली सुरळीत चालतील. या शांततेत तुम्हाला बघण्यासारखं काय आहे?

“वगळायचा नाही,” ते पुन्हा म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी वही मिटून घरी जावंसं वाटलं. सकाळपासून पाठ मोडून काम करायचं आणि उपाय हातात आला की माणसानं नाही म्हणायचं. मी पेन बाजूला ठेवलं. हट्टानं त्या फाइलींची यादी उघडली. निदान कोण बदलतंय ते तरी बघू. आणि यादीतल्या एका रकान्यावर माझी नजर अडकली.

फाइलींची लांबी. काका म्हणाले होते, एक मिनिट. तिथे पडद्यावर दिसत होत्या त्या प्रत्येकीपुढे होतं, एक मिनिट बावन्न सेकंद. मी पापणी लववली असेल नसेल, त्रेपन्न झालं. दिसत होत्या त्या सगळ्या, एकदम, त्रेपन्न.

कुठलातरी प्रोग्राम त्यात लिहितोय, हे उघड होतं. मी शोधलं. त्या फाइली कुणीच उघडलेल्या नव्हत्या. मी फोल्डरला कुलूप घातलं, म्हणजे कुणालाही फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. चौपन्न. मी लायब्ररीचं सॉफ्टवेअर बंद केलं. घरचं इंटरनेट काढलं. डिस्कांच्या डब्याची केबल उपटण्याआधी एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मग डबाही बंद केला. पंख्याची घरघर थांबली. त्या गाद्यांच्या खोलीत माझं रक्त मला कानात ऐकू यायला लागलं.

लॅपटॉपवरची फाइल दोन मिनिटं सहा सेकंदांची झाली होती.

माझा लॅपटॉप कशालाच जोडलेला नव्हता.

यंत्राला मी कधी भ्यालेली नाही. यंत्र खोटं बोलत नाही, चुकतं, आणि चूक कुठेतरी सापडतेच. मी स्वतःला हेच सांगत हेडफोन लावले. फाइल एका शाळेच्या वर्गाची होती. सुरू केली. शांतता. तिच्या तळाशी अगदी बारीक, माणसाचा श्वास, मंद आणि सारखा. आत एक माणूस बसलाय आणि तो कसलेला आहे हे मला कळत होतं. साठ सेकंद झाले. इथे फाइल संपायला हवी होती. संपली नाही. तोच श्वास, तोच वर्ग. बाकावर कापड घासल्यासारखं काहीतरी... आणि मग, माइकपासून हातभर लांब, दबक्या आवाजात...

“संपला का?”

मी हेडफोन काढले. मागे पाहिलं. काका होते, दिवा होता. डबा आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालू करून मी दुसरी फाइल उघडली, सभागृहाची. मग गोदामाची. एका जिन्याची. एका बँकेच्या तिजोरीची. सगळीकडे मिनिट उलटल्यावर तोच माणूस तेच दोन शब्द विचारत होता, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज त्या त्या जागेत घुमत होता. सभागृहात लांबून परत येत होता, तिजोरीत दाबला जात होता. एकच आवाज उचलून सगळीकडे चिकटवला असता तर असं होत नाही. तो माणूस त्या प्रत्येक जागेत बसलेला होता.

“बोलतोय ना?” काका म्हणाले.

 त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. सपाट रेषेवर तीळभर उंचवटा. “मिनिटानंतर बावीस सेकंदांनी. दोन शब्द आहेत. शब्द आहेत एवढं मला दिसतं, कोणते ते दिसत नाही. पाच महिने बघतोय, फाइल वाढते, पुन्हा मिनिटावर येते, पुन्हा वाढते. वेगाचं मला काय करायचंय? कान हवे होते म्हणून तुला बोलावलं.”

मी आधी भडकले, मग घाबरले. क्रम हाच होता. सकाळपासून माझा घाम काढला आणि या माणसाला सगळं माहीत होतं. आधी सांगितलं असतं तर मी जिन्यावरूनच परत गेले असते, हेही त्यांना माहीत होतं. मी वहीत ते दोन शब्द लिहिले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “शेवटची फाइल उघड. टाकी.”

त्या यादीत सगळ्यात खाली ती होती. इतर दोन मिनिटांच्या, ही एकटीच तासांत मोजण्यासारखी. किती तास ते मी वाचलं नाही, मला वाचायचं नव्हतं. मी हेडफोन लावायला गेले तर काकांनी त्यांची वायर खेचून काढली, स्पीकर चालू केला आणि त्याच्या जाळीवर आपला तळहात सपाट ठेवला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आवाज हाताला कळतो.

पाण्याची टाकी होती ती, लोखंडी, कोरडी, जमिनीखालची. पहिल्याच सेकंदाला खोली बदलल्यासारखी वाटली. गाद्यांच्या त्या कोंडलेल्या खोलीत अचानक केवढी तरी पोकळी आली. अशी शांतता मी कधी ऐकली नाही. खोल, गोल, काळी. तिच्या तळाशी तो श्वास. मिनिट झालं, दोन झाली. श्वास जरा भरभर यायला लागला. तीन. चार. मध्येच एकदा कोरडी ढास. मग लोखंडावर बोटानं हलकेच टकटक.

आणि लगेच एक ताठ, आतापेक्षा तरुण आवाज टाकीत घुमला. काकांचाच. वरून, छोट्या स्पीकरमधून आत सोडलेला.

“हलू नकोस. सोनं आहे हे.”

टकटक थांबली.

त्यानंतरचा श्वास मी तुम्हाला सांगणार नाही. तो सातव्या मिनिटापर्यंत होता. मग नव्हता. मग नुसती टाकी. काका जाळीवर हात ठेवून, डोळे मिटून बसले होते. आणि श्वास थांबून बराच वेळ झाल्यावर, श्वास नसलेला एक आवाज, अगदी आर्जवी...

“भावजी... संपला का? ...आता बोलू का?”

दारात भांडं वाजलं. काकू उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. केव्हापासून, कोण जाणे. चौदा वर्षांनी भावाचा आवाज ऐकलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. काकांना त्या आल्याचं कळलंच नव्हतं. त्यांची दाराकडे पाठ होती.

“हवा मेली होती आतली, असं सांगितलं होतं मला,” काकू हळूच म्हणाल्या. माझ्याशीच, कारण त्या खोलीत ऐकणारी मीच होते. “गंजलेली टाकी होती, गंजानं आतला प्राणवायू खाल्लेला. कळायच्या आत गेला म्हणाले. त्यानं टकटक केली होती, हे नव्हतं मला माहीत.”

मी स्पीकर बंद केला. काका वळले आणि त्यांनी बायकोला पाहिलं. सपाट आवाजाचा तो माणूस. जाळीवरचा हात त्यांना उचलवेना. मग जे बोलले ते मलाच उद्देशून होतं, तिच्याकडे बघण्याची हिंमत नव्हती म्हणून. एक मिनिट घ्यायचं होतं, म्हणाले. पण शांतता इतकी सुरेख लागली की सोडवेना. सात मिनिटं घेतली. टकटक ऐकून राग आला, टेक बिघडतोय म्हणून. झाकण उघडलं तेव्हा तो ताठ बसलेला होता, मांडीवर हात, जसा बसायचा तसा. झालं म्हणायचं राहूनच गेलं. नंतर ती टेप त्यांनी कुणाला ऐकवली नाही. स्वतः मात्र रोज ऐकली, कान जाईपर्यंत.

काकूंनी ट्रे जमिनीवर ठेवला. टेबलापाशी येऊन माझी वही ओढली, पेन घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी भयंकर लिहितील. लिहायला फार वेळ लावला नाही त्यांनी. वही नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरली. तीनच शब्द होते.

सांगा की त्याला.

कपाटातला माइक मी काढला, धूळ पुसली, वायर जोडली. काका त्याच्यापुढे बसले. तीस वर्षं दुसऱ्यांसमोर माइक ठेवणारा माणूस, हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मी बोटानं खूण केली.

“झालं,” काका म्हणाले. मग थांबून, “झालं रे. ऊठ. ...बोल आता, काय बोलायचं ते.”

फोल्डरचं कुलूप काढून मी ती फाइल त्यातच टाकली आणि सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. अकराशे सात. क्षणभर काहीच नाही. मग आकडा सुटला. आठशे, पाचशे, दोनशे, चाळीस, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा शून्य. मी यादी उघडली. सगळ्या फाइली एक मिनिटाच्या. टाकी सात मिनिटांची. क्लिक केलं की नक्षी लगेच समोर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम झालं होतं आणि मला एवढंच हवं होतं की कुणीतरी मला त्या जिन्यावरून खाली, रस्त्यावर नेऊन सोडावं. बाहेर पडले तेव्हा चांगलं ऊन होतं. बसस्टॉपवर लोक भांडत होते. मी मुद्दाम दोन बस सोडल्या, ते भांडण ऐकत उभी राहिले.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. सॉफ्टवेअर कसं चाललंय, मी विचारलं. छान, म्हणाल्या. झटपट. मग म्हणाल्या, एक विचारू का, तुझ्या त्या दुरुस्तीनं माणसाच्या कानांवर काही परिणाम होतो का?

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन दिवसांपूर्वी त्या स्वयंपाकघरातून सवयीनं, स्वतःशीच म्हणाल्या की मीठ संपलंय. आतल्या बंद खोलीतून काकांनी उत्तर दिलं, संध्याकाळी आणतो. त्या धावत आत गेल्या. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानांत काहीही बदल नाही, या कानांना तोफही ऐकू यायची नाही.

“मी लिहून विचारलं त्यांना,” काकू म्हणाल्या. त्या फार हळू बोलत होत्या, मला फोन कानावर दाबून धरावा लागत होता. “तर म्हणाले, तुझं मला ऐकू येत नाही. तो सांगतो.”

मी हातातली वायर खाली ठेवली.

“एवढ्यावर असतं तर मी चालवून घेतलं असतं गं. माझाच भाऊ आहे. पण आज सकाळी मी खिडकीशी बसले होते. काही बोलले नाही, ओठसुद्धा हलवला नाही. नुसतं मनात आलं. आणि आतून त्यांनी त्याचंही उत्तर दिलं.”

पलीकडे काकूंचा श्वास ऐकू येत होता. काय आलं होतं मनात, विचारावं की नको, मी घुटमळत होते. तेवढ्यात काकूंच्या मागून, लांबून, काकांचा तो सपाट, गरजेपेक्षा मोठा आवाज आला.

“सांग की तिला. टाकीत तुझ्या भावाऐवजी मी उतरायला हवं होतं, हे आलं होतं तुझ्या मनात. विचारतेय ती.”

काकूंनी फोन ठेवला.

मी अजून विचारलं नव्हतं.